वय वर्षं ८०, तरी दौरा सुरूच: रोलिंग स्टोन्ससारखे जुने रॉक बँड थांबत का नाहीत?

२०२४ च्या उन्हाळ्यात रोलिंग स्टोन्सचा दौरा अमेरिकेतल्या मोठमोठ्या स्टेडियममधून फिरत होता. गायक मिक जॅगर ८० वर्षांचा, गिटारवादक कीथ रिचर्ड्सही ८० चा. तिघांतला ‘धाकटा’ रॉनी वुड दौऱ्याच्या मध्यावर ७७ वर्षांचा झाला. प्रायोजक होती एएआरपी, म्हणजे पन्नाशी ओलांडलेल्या अमेरिकन लोकांसाठी काम करणारी संस्था. सोडा किंवा मोबाइलच्या कंपनीऐवजी ज्येष्ठांची संघटना रॉक बँडच्या पाठीशी उभी, हे चित्र गमतीचं होतं. पण तिकिटं घेणारे लोक कोण आहेत, हे प्रायोजकाला बरोबर कळलं होतं.

या बँडचा पहिला कार्यक्रम लंडनच्या मार्की क्लबमध्ये १२ जुलै १९६२ रोजी झाला. म्हणजे साठ वर्षं केव्हाच उलटली. इतकी वर्षं एखादा बँड चालतो तेव्हा त्यामागे संगीताच्या प्रेमाइतकाच हिशोब, करार, डॉक्टर, विमा आणि ट्रक यांचाही वाटा असतो. आणि या बँडची गोष्ट १९८९ च्या आधी जवळजवळ संपलीच होती.

स्वतःचीच गाणी हातातून गेली

साठच्या दशकात गाणी गाजत होती, पण पैसा बँडकडे येत नव्हता. त्यांचा अमेरिकन मॅनेजर ॲलन क्लाइन याच्या करारांमुळे १९७१ च्या आधीच्या ध्वनिमुद्रणांचे आणि गाण्यांचे हक्क त्याच्या ‘एबीकेसीओ’ या कंपनीकडे गेले. आजही ते तिथेच आहेत. ‘सॅटिस्फॅक्शन’ हे त्यांचं सगळ्यात ओळखीचं गाणं त्याच काळातलं. पुढे १९९७ मध्ये ‘द व्हर्व’ या बँडचं ‘बिटर स्वीट सिम्फनी’ गाजलं आणि त्यात स्टोन्सच्या एका जुन्या गाण्याच्या वाद्यवृंद आवृत्तीचा तुकडा असल्याचा वाद झाला, तेव्हा त्या गाण्याचे हक्क क्लाइनच्या कंपनीने मिळवले आणि श्रेय जॅगर-रिचर्ड्स यांच्या नावावर गेलं. मूळ गीतकार रिचर्ड ॲशक्रॉफ्टला ते परत मिळायला २०१९ उजाडलं.

त्यात ब्रिटनमधल्या कराची थकबाकी वाढत गेली. प्रिन्स रूपर्ट लोवेनस्टाइन हे बँकर १९६८ पासून त्यांचा हिशोब पाहू लागले होते. त्यांचा सल्ला सरळ होता: देश सोडा. १९७१ मध्ये बँड फ्रान्सला गेला, आणि कीथने भाड्याने घेतलेल्या व्हिलाच्या तळघरात, बाहेर उभ्या केलेल्या ट्रकमधल्या स्टुडिओच्या मदतीने ‘एक्झाइल ऑन मेन स्ट्रीट’ या अल्बमचं बरंच काम झालं. कर चुकवायला, खरं तर टाळायला, केलेल्या स्थलांतरातून त्यांच्या सर्वोत्तम अल्बमांपैकी एक निघाला.

या अनुभवातून बँडने दोन गोष्टी केल्या. स्वतःचं लेबल काढलं, आणि जॉन पाश या तरुण चित्रकाराकडून ओठ आणि जिभेचं ते प्रसिद्ध चिन्ह करून घेतलं. टी-शर्टवर ती जीभ मिरवणाऱ्या कित्येकांनी बँडचं एकही गाणं ऐकलेलं नसतं. बँडची त्याला हरकत नाही.

१९८९: दौराच धंदा झाला

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर जॅगरने स्वतःचे एकट्याचे अल्बम काढले. रिचर्ड्सला ते रुचलं नाही. १९८६ चा ‘डर्टी वर्क’ अल्बम आला, पण त्याचा दौरा झालाच नाही. १९८२ नंतर सात वर्षं बँड दौऱ्यावर निघाला नव्हता. जानेवारी १९८९ मध्ये दोघं बार्बाडोसला भेटले, भांडण मिटवलं आणि ‘स्टील व्हील्स’ची गाणी लिहिली. त्याच वर्षी दौरा निघाला.

या दौऱ्याची पद्धत वेगळी होती. तोवर सर्वसाधारण रीत अशी की प्रत्येक शहरातला आयोजक वेगळा, त्याच्याशी व्यवहार वेगळा. कॅनडाच्या मायकेल कोलने अख्खा दौराच ठरावीक रकमेची हमी देऊन विकत घेतला. तिकिटं, टी-शर्ट, प्रायोजक, प्रक्षेपण हे सगळं एका हातात आलं. आज मोठे बँड याच रीतीने फिरतात. २००५ ते २००७ मधल्या ‘अ बिगर बँग’ दौऱ्याने ५५ कोटी ८० लाख डॉलरचा गल्ला जमवला. तो तेव्हाचा विक्रम होता. पुढे ‘यू-टू’ने तो मोडला.

रेकॉर्डविक्री आणि दौरा यांचं नातं इथे उलटं झालं. पूर्वी अल्बम खपावा म्हणून दौरा काढत. सीडीचा जमाना ओसरला, गाणी ऑनलाइन जवळपास फुकट ऐकता येऊ लागली, आणि दौऱ्याला निमित्त हवं म्हणून अल्बम येऊ लागला. गाणं लिहिणाऱ्याला मानधन कायम मिळत राहतं, पण स्टोन्समध्ये बहुतेक गाणी दोघांच्याच नावावर आहेत. बाकीच्यांसाठी दौरा हेच मोठं उत्पन्न. रॉनी वुड १९७५ मध्ये आला, तरी कितीतरी वर्षं तो भागीदार नव्हता, पगारी वादक होता.

मग नवा अल्बम कशाला?

स्टेडियममध्ये येणाऱ्या माणसाला नवं गाणं नको असतं, हे सगळ्यांना माहीत आहे. नवं गाणं सुरू झालं की लोक पाणी आणायला उठतात, हा प्रत्येक जुन्या बँडचा अनुभव. पण नव्या गाण्याशिवाय दौरा काढला की बँड स्वतःचाच ऑर्केस्ट्रा होतो. म्हणून स्टोन्सनी मधले मार्ग काढले. २००२ चा ‘फोर्टी लिक्स’ हा जुन्या गाण्यांचा संग्रह, त्यात चार नवी गाणी. २०१२ च्या ‘ग्र्र्र’मध्ये दोन. २०१६ चा ‘ब्लू अँड लोनसम’ तर पूर्ण जुन्या ब्लूज गाण्यांचा, आणि तो लंडनच्या स्टुडिओत अवघ्या तीन दिवसांत ध्वनिमुद्रित झाला. ज्या गाण्यांवर ही मुलं वाढली तीच पुन्हा वाजवायची असल्यामुळे विचार करायला फारसं काही नव्हतं.

स्वतःच्या नव्या गाण्यांचा अल्बम मात्र २००५ नंतर अठरा वर्षं आला नाही. ध्वनिमुद्रण अधूनमधून चालू असे, पूर्ण होत नसे. शेवटी जॅगरने तारीख ठरवली: व्हॅलेंटाइन डेपर्यंत संपवायचं. अँड्र्यू वॉट हा तिशीतला निर्माता आणला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘हॅकनी डायमंड्स’ आला. पॉल मॅकार्टनी, एल्टन जॉन, स्टीव्ही वंडर, लेडी गागा असे पाहुणे त्यात आहेत. शेवटचं गाणं मडी वॉटर्सचं, ज्यावरून बँडने आपलं नाव घेतलं तेच. या अल्बमला २०२५ मध्ये सर्वोत्तम रॉक अल्बमचं ग्रॅमी मिळालं. तो त्यांच्या सत्तरच्या दशकातल्या कामाच्या तोडीचा नाही. पण दौऱ्याचं निमित्त म्हणून काढलेल्या अल्बमांपेक्षा नक्कीच वरचा आहे.

दोन तास उभं कसं राहतात?

जॅगरचे वडील शारीरिक शिक्षणाचे शिक्षक होते. तो व्यायाम करतो, हे त्यामुळे कुणाला नवल वाटत नाही. पण कार्यक्रमाची रचनाही वयाला धरून केलेली असते. मध्यावर बँडच्या सदस्यांची ओळख होते, मग कीथ पुढे येऊन दोन-तीन गाणी स्वतः गातो. प्रेक्षकांसाठी तो वेगळा रंग, गायकासाठी तेवढीच विश्रांती. कीथच्या बोटांना संधिवात आहे. त्याने वाजवण्याची ढब बदलून घेतली.

दुसरा आधार म्हणजे चक लीव्हेल. हा कीबोर्डवादक १९८२ पासून सोबत आहे, पण बँडचा अधिकृत सदस्य नाही. कुठल्या गाण्याचा सूर कोणता, गती किती, सुरुवात कोण करणार, हे सगळं त्याच्या जाडजूड वह्यांमध्ये टिपलेलं असतं. शेकडो गाण्यांतून वीसेक निवडून रोज बदल करायचे तर अशी वही लागतेच. (दौरा नसताना लीव्हेल जॉर्जियात स्वतःच्या जमिनीवर झाडांची शेती करतो.)

धोका मात्र राहतोच. २००६ मध्ये कीथ फिजीला झाडावरून पडला, डोक्याची शस्त्रक्रिया झाली, कार्यक्रम पुढे गेले. २०१९ मध्ये जॅगरच्या हृदयाच्या झडपेवर उपचार झाले आणि त्याच जूनमध्ये तो शिकागोत स्टेजवर होता. २०१४ मध्ये त्याची जोडीदार लॉरेन स्कॉट हिच्या मृत्यूमुळे ऑस्ट्रेलियाचे कार्यक्रम पुढे ढकलले, तर विम्याच्या रकमेवरून प्रकरण कोर्टात गेलं आणि तडजोडीने मिटलं. एक माणूस आजारी पडला की शेकडो कामगारांचं काम थांबतं, त्यामुळे या वयात विमा हा दौऱ्याचा नाजूक भाग होतो.

सगळ्यांना हे जमतंच असं नाही. एअरोस्मिथने स्टीव्हन टायलरच्या स्वरयंत्राला इजा झाल्यावर २०२४ मध्ये दौरे कायमचे थांबवले. जेनेसिसच्या २०२२ मधल्या शेवटच्या कार्यक्रमात फिल कॉलिन्स खुर्चीत बसून गायला आणि ड्रमवर त्याचा मुलगा होता. स्कॉर्पियन्सनी २०१० मध्ये निरोपाचा दौरा जाहीर केला आणि ते आजही वाजवताहेत. नाटकाच्या जाहिरातीतले ‘शेवटचे काही प्रयोग’ वाचायची सवय असलेल्यांना यात आश्चर्य वाटू नये.

चार्ली वॉट्स गेल्यावर

ड्रमवादक चार्ली वॉट्स १९६३ पासून बँडचा कणा होता. २४ ऑगस्ट २०२१ रोजी, ८० व्या वर्षी, तो गेला. दौरा महिन्यावर आला होता. तब्येतीमुळे आपल्याला येता येणार नाही हे कळल्यावर वॉट्सनेच स्टीव्ह जॉर्डनच्या नावाला संमती दिली होती, त्यामुळे सप्टेंबरमध्ये सेंट लुईसला दौरा ठरल्याप्रमाणे सुरू झाला. पडद्यावर आधी वॉट्सची चित्रं दिसली, मग बँड आला.

काही चाहत्यांना ते पटलं नाही. वॉट्स थोडासा मागे रेलून, कीथच्या गिटारच्या मागोमाग वाजवायचा. जॉर्डनचा ठोका जास्त ताकदीचा आणि नेमका. गाणी तीच, चाल वेगळी. ‘हॅकनी डायमंड्स’मधल्या दोन गाण्यांत वॉट्सने आधी वाजवून ठेवलेलं ड्रमिंग आहे, आणि त्यातल्या एकात तीस वर्षांपूर्वी बँड सोडलेला बिल वायमन बेस वाजवतो. जुनी जोडी एकत्र ऐकायची असेल तर ते ‘लिव्ह बाय द सोर्ड’.

मुंबईचा मुक्काम

स्टोन्स भारतात आले ते एप्रिल २००३ मध्ये, बंगळूरु आणि मग मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर. त्याच दौऱ्यातले चीनमधले कार्यक्रम सार्सच्या साथीमुळे रद्द झाले. आशियात येणं अशा बँडना परवडतंच असं नाही, कारण सामान न्यायचा खर्च मोठा आणि दोन शहरांत अंतर फार. आयर्न मेडनने यावर भलताच तोडगा काढला. बँड, कर्मचारी आणि सामान एकाच बोइंग ७५७ मध्ये भरायचं, आणि विमान चालवायला बँडचाच गायक, व्यावसायिक वैमानिक ब्रूस डिकिन्सन. त्या दौऱ्याचा पहिला कार्यक्रम १ फेब्रुवारी २००८ रोजी वांद्रे-कुर्ला संकुलात झाला. गन्स एन रोझेस २०१२ मध्ये मुंबईत आले तेव्हा सोबत स्लॅश नव्हता; मे २०२५ मध्ये महालक्ष्मी रेसकोर्सवर आले तेव्हा होता.

मुंबईचा स्वतःचा जुना बँड म्हणजे १९८४ मधला ‘रॉक मशीन’. उदय बेनेगल, महेश तिनईकर आणि मंडळींनी १९९३ मध्ये नाव बदलून ‘इंडस क्रीड’ केलं. वर्षभर फिरत राहता येईल अशी सभागृहांची साखळी इथे नव्हती, आणि १९९७ मध्ये बँड थांबला. २०१० मध्ये तो पुन्हा उभा राहिला आणि दोन वर्षांनी ‘इव्हॉल्व्ह’ हा नवा अल्बम आला.