ऐकलेले आणि आचरलेले

नवविधा भक्तीत श्रवणाचे स्थान पहिले आहे. पूर्वी अडचण अशी होती की ऐकायला मिळत नसे. गावात एखादा कीर्तनकार आला की चार कोसांवरून माणसे येत आणि ऐकलेला एक अभंग महिनाभर घोळवत. आता अडचण उलटी झाली आहे. भिवंडीत यंत्रमागावर बारा तासांची पाळी करणाऱ्या माणसाच्याही खिशात मोबाइल असतो. त्यावर सकाळी एका महाराजांचे कीर्तन, दुपारी दुसऱ्यांचे प्रवचन, मध्ये अद्वैतावरची व्याख्याने, आणि त्यांच्याच रांगेत कुठल्या गल्लीत काय घडले याची खरीखोटी बातमी. रात्री त्याला विचारावे, आज काय ऐकले? सांगता येत नाही. त्यातले काय केले? हा प्रश्न तर कुणी विचारतच नाही.

ही अडचण यंत्राने वाढवली हे खरे, पण ती यंत्राबरोबर आलेली नाही. आपल्या संप्रदायात शांतिब्रह्म एकनाथमहाराजांपुढे ती एका वेगळ्या रूपात उभी होती.

माउलींनी शके 1212 मध्ये, म्हणजे इसवी सन 1290 मध्ये, नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली. पुढे जवळजवळ तीनशे वर्षे ती हाताने उतरून घेतली जात होती. एकाच्या प्रतीवरून दुसरा, दुसऱ्याच्या प्रतीवरून तिसरा. कुणाची ओळ सुटली, कुणी न कळलेला शब्द बदलला, कुणी भक्तीच्या भरात स्वतःची ओवी घातली. हेतू कुणाचाच वाईट नव्हता. तरी माउलींचे शब्द कोणते आणि मागाहून आलेले कोणते, हे सांगणे कठीण झाले. नाथमहाराजांनी निरनिराळ्या प्रती ताडून पाहिल्या आणि शके 1506 मध्ये, इसवी सन 1584 मध्ये, शुद्ध प्रत सिद्ध केली. शेवटी त्यांनी बजावले की यात कुणी आपली ओवी मिसळू नये. ज्यांनी स्वतः हजारो ओव्या रचल्या, त्यांनी हे बजावले. कुठे बोलावे आणि कुठे नुसते जपावे, हा विवेक त्यांच्यापाशी होता.

तो विवेक त्यांना कुठे मिळाला? त्यांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीच्या किल्ल्यावर कारभारी होते. अध्यात्म आणि कचेरी ही दोन्ही एकाच घरात चालत. परंपरेत गोष्ट सांगतात, की हिशोबात एका पैची चूक होती आणि ती सापडावी म्हणून तरुण एकनाथ रात्रभर वह्या घेऊन बसले. चूक सापडली तेव्हा त्यांना आनंद आवरेना. स्वामींनी ओळखले की हीच एकाग्रता परमार्थाकडे वळली तर हा मुलगा पार होईल. या गोष्टीत आकड्यांचा ढीग आहे, पण लक्ष एका पैवर आहे. पुढे प्रतींच्या ढिगातून माउलींचा शब्द शोधताना हेच लक्ष उपयोगी पडले.

आणि नाथमहाराज पोथीपाशी थांबले नाहीत. पैठणला राहून, प्रपंच सांभाळून, त्यांनी बाजारातल्या माणसाला कळेल अशी भारुडे रचली. त्यांतले एक हिंदू आणि तुर्क यांच्या संवादाचे आहे. दोघे एकमेकांच्या देवाधर्माला नावे ठेवतात, खूप भांडतात आणि अखेर समजून घेऊन एकमेकांना भेटतात. ज्याने अद्वैत वाचले त्याने ते शेजाऱ्याशी वागताना दाखवावे, एवढाच त्याचा अर्थ.

आम्हा भिवंडीकरांना हा अर्थ फार महाग पडून कळला.

मे 1970 मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या दिवशी इथे दंगल पेटली. माणसे मेली, घरे जळाली, माग थांबले. त्यानंतर न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने भिवंडी, जळगाव आणि महाड इथल्या दंगलींची चौकशी केली. साक्षी झाल्या, अनेक खंडांचा अहवाल झाला. ताण कसा साचत गेला, अफवा कशा फिरल्या, पोलिसांचे कुठे चुकले, हे सगळे त्यात बारकाईने लिहिलेले होते. माहितीला तोटा नव्हता. तरीही मे 1984 मध्ये भिवंडी पुन्हा पेटली. अहवालाची पोथी कपाटात राहिली होती. ती कुणाच्या नित्याच्या आचारात उतरली नव्हती.

1988 मध्ये सुरेश खोपडे भिवंडीत पोलीस उपायुक्त म्हणून आले आणि त्यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. कल्पना साधी होती. एकेका वस्तीत दोन्ही समाजांतली, तिथेच राहणारी साधी माणसे आणि त्या वस्तीची जबाबदारी असलेला पोलीस यांनी एकत्र बसायचे. दंगल झाल्यावर नव्हे, एरवी. वस्तीतली भांडणे, तक्रारी, किरकोळ कुरबुरी तिथेच बोलायच्या. माणसे एकमेकांना नावाने ओळखू लागली. कानावर काही आले तर खरे-खोटे कुणाला विचारायचे, हे ठरलेले झाले.

डिसेंबर 1992 मध्ये बाबरी मशीद पडली. त्या महिन्यात आणि पुढच्या जानेवारीत मुंबईत सुमारे 900 माणसे मारली गेली. अफवा तेव्हा भिवंडीतही पोहोचल्या असणारच. पण दोनदा जळालेल्या या शहरात त्या वेळी मोठी दंगल झाली नाही. याचे श्रेय अनेकांना आहे. तरी आधीची चार वर्षे शांतपणे चाललेल्या बैठकांचा वाटा त्यात मोठा आहे, हे जाणकार मान्य करतात. कठीण प्रसंगी माणसे नवे काही शिकली नाहीत. जे नेमाने करत होती, तेच त्यांनी केले.

वारकऱ्याला हे नवे नाही. आपला सगळा संप्रदाय नेमावर उभा आहे. हरिपाठ रोज म्हणायचा, एकादशी पाळायची, आषाढी-कार्तिकीची वाट चालायची. यात ज्ञानाचा अनादर नाही. माउलींची ओवी समजून घ्यायला जन्म पुरत नाही. पण समजण्याची वाट पाहत पाय थांबवायचे नाहीत, ही संतांची शिकवण आहे. श्रवणानंतर मनन, मननानंतर निदिध्यासन असा क्रम आहे. श्रवणामागून श्रवणच येत राहिले तर पुढच्या पायरीला जागा उरत नाही.

मागावर काम करणाऱ्याला हे लवकर पटेल. ताण्याचे उभे धागे हजारो असले तरी नुसत्या ताण्याचे कापड होत नाही. आडवा धागा एकेक करून त्यांतून जावा लागतो, तेव्हा वीतभर कापड विणले जाते. अभ्यास हा ताणा आहे, आचरण हा बाणा.

म्हणून मोबाइल फेकून द्या असे कुणी सांगत नाही. नाथमहाराजांनीही इतरांच्या प्रती जाळल्या नाहीत, ताडून पाहिल्या. आपणही आलेला निरोप पुढे पाठवण्याआधी तो कुणाचा, कुठून आला, एवढे पाहावे. दिवसाला एकच ओवी घ्यावी आणि त्या दिवशी तिला एक काम जोडावे. आजाऱ्याची चौकशी, रुसलेल्या भावाशी बोलणे, पलीकडच्या गल्लीतल्या शेजाऱ्याला सलाम. काम लहान असले तरी चालेल, पण त्यात खंड पडू देऊ नये. वाईट दिवस सांगून येत नाही. त्या दिवशी किती ऐकले होते याचा उपयोग होत नाही. रोज काय करत होतो तेच कामी येते.

राम कृष्ण हरी.