मोगलाईतली जमीन, परमुलखातला पैसा

परभणी जिल्ह्याची उत्तर सीमा १९४८ पर्यंत दोन राजवटींमधली सीमा होती. पैनगंगेच्या अलीकडे कळमनुरी आणि हिंगोली ही निजामाची ठाणी, पलीकडे उमरखेड, पुसद, वाशीम हा वऱ्हाडचा मुलूख. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात गेला आणि १९०२ मध्ये वर्षाला २५ लाख रुपयांच्या बोलीवर तो त्यांना कायमचा पट्ट्याने मिळाला. नदीच्या दोन्ही तीरांवर भाषा एक, देव एक, सोयरीक एक, काळी जमीनही एकाच पोताची. पण अलीकडचा मुलूख ‘मोगलाई’ आणि पलीकडचा ‘इंग्रजी’. नाणे वेगळे, कोर्ट वेगळे, सरकारी कागदाची भाषा वेगळी. वाशीमच्या व्यापाऱ्याने हिंगोली तालुक्यात शेत घेतले, तर कायद्याच्या हिशेबाने ती परराज्यातली खरेदी ठरत असे. समुद्र न ओलांडता परमुलखात जमीन घेण्याचा हा व्यवहार परभणी जिल्ह्याने दोन-तीन पिढ्या पाहिला. आजच्या सातबाऱ्यांमागच्या अनेक वादांचे मूळ त्याच काळात आहे.

तसा व्यवहार होण्यासाठी आधी जमीन विकाऊ व्हावी लागते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती फारशी विकाऊ नव्हती. महसूल वसुलीचे मक्ते लिलावाने दिले जात. मक्तेदार, देशमुख आणि देशपांडे मिळून रयतेकडून जमेल तेवढे काढत. सारा किती लागणार हे पेरणीच्या वेळी ठाऊक नसे, त्यामुळे शेताला किंमत अशी येत नसे. त्या काळी तोटा जमिनीचा नव्हता, कसणाऱ्या माणसाचा होता. पहिल्या सालारजंगाने १८५३ ते १८८३ या आपल्या दिवाणगिरीत हे मोडून काढले. १८६५ च्या जिल्हाबंदीत पगारी तालुकदार आणि तहसीलदार आले, मक्तेदारी मागे पडली. पुढे मराठवाड्यात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मोजणी आणि जमाबंदी झाली. शेताला सर्व्हे नंबर मिळाला, साऱ्याचा आकार बऱ्याच वर्षांसाठी ठरला आणि पट्टेदार म्हणून रयतेचे नाव कागदावर चढले. सारा भरतो तोपर्यंत जमीन त्याची. ती तो गहाण टाकू शकत होता, विकूही शकत होता.

ही सुधारणा रयतेच्या भल्यासाठी होती आणि बऱ्याच अंशी भले झालेही. पण ज्या कागदाने शेतकऱ्याला मालक केले, त्याच कागदाने त्याचे शेत सावकाराला तारण म्हणून पुरेसे झाले. मुंबई इलाख्यात हे आधी घडून गेले होते आणि १८७५ मध्ये पुणे-नगर भागात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या होत्या. त्यानंतर तिथे १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला. खरेदीखतामागे खरा व्यवहार कर्जाचा आहे का, हे तपासण्याचा अधिकार त्याने न्यायाधीशाला दिला. मोगलाईत तसा कायदा पुढची कित्येक दशके झाला नाही. मुंबई इलाख्यात सावकारीवर लगाम आणि शेजारी मोगलाईत तो नाही, ही तफावत भांडवलाला हद्द ओलांडायला पुरेशी होती.

मात्र विकत मिळणारी जमीन सगळीकडची नव्हती. जहागिरीचे गाव जहागीरदाराला विकता येत नसे. ती निजामाची देणगी होती आणि वारसालाही दरबारच्या मंजुरीनेच मिळे. देवस्थान आणि चाकरीच्या इनामांवरही बंधने होती. बाहेरच्या पैशाला मोकळी होती ती दिवाणी म्हणजे खालसा मुलखातली रयतवारी जमीन. जिल्ह्याचा मोठा भाग तिनेच व्यापलेला होता.

मोजणीने दार उघडले, आगगाडीने वाट दिली. मनमाडहून सिकंदराबादला जाणारी हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे १९०० च्या सुमारास सुरू झाली. सेलू, मानवत रोड, परभणी, पूर्णा ही स्थानके नकाशावर आली. त्याआधी इथला कापूस बैलगाड्यांनी दूरच्या पेठांना जाई. आता तो सरकी काढून, गाठी दाबून थेट मुंबईकडे जाऊ लागला. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. सेलू आणि मानवत या कापसाच्या पेठा झाल्या. हिंगोलीत हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती, तिच्यामुळे तिथे पेढ्या आधीपासून होत्या. १९०३ मध्ये कंटिंजंट हिंदी लष्करात विलीन झाली, पण कापसाचा बाजार टिकला. मारवाडी आणि गुजराती व्यापारी या पेठांत मोठ्या संख्येने आले ते याच काळात.

आणि नेमक्या याच वेळी दुष्काळ पडला. १८९९-१९०० चा तो दुष्काळ परभणीच्या इतिहासातला सर्वांत कठीण म्हणावा लागेल. १८९१ मध्ये जिल्ह्याची लोकसंख्या आठ लाखांच्या वर होती, १९०१ च्या शिरगणतीत ती साडेसहा लाखांच्या आत आली. माणसे मेली, कित्येक परागंदा झाली, बैल संपले. बैल गेला की शेत असून नसल्यासारखे. जगलेल्या कुणब्याला बियाणे, बैलजोडी आणि साऱ्याचा हप्ता या तिन्ही गोष्टींसाठी सावकाराच्या ओट्यावर जावे लागले. आगगाडीमुळे जमिनीला भाव येऊ लागला होता आणि दुष्काळामुळे धनी ती टिकवू शकत नव्हता. या कात्रीत जेवढी शेते हातची गेली, तेवढी केवळ व्यसनाने किंवा लग्नखर्चाने गेली नाहीत. कुणब्याच्या कर्जबाजारीपणाला त्याच्या उधळेपणाचे कारण देणारी त्या काळची सरकारी भाषा अन्यायाची होती.

व्यवहाराची रीत अशी. आधी साध्या चिठ्ठीवर उधार, मग गहाणखत, मग मुदतखरेदी. मुदतखरेदीत शेत विकल्याचा कागद होई आणि ठरल्या सालापर्यंत रक्कम फेडली तर ते परत मिळण्याची बोली असे. मुदत टळली की खरेदी कायम. बहुतेकदा जुना धनीच त्या शेतावर बटईने राबत राही. नांगर त्याचाच, घाम त्याचाच, अर्धे पीक मात्र दुसऱ्याच्या खळ्यावर जाई.

परमुलखातल्या धन्याला यात आणखी दोन अडचणी होत्या. पहिली नाण्याची. मोगलाईत हाली शिक्का चाले, इंग्रजी रुपयाला लोक ‘कलदार’ म्हणत. दर साधारण सहा कलदारांना सात हाली असा असे, पण पेठेत तो वरखाली होई आणि हुंडणावळ वेगळी पडे. मालावर करोडगिरीची म्हणजे जकातीची चौकी होती. १८०२ च्या व्यापारी तहापासून तिचा दर शेकडा ५ मानला गेला होता. त्यामुळे शेताचे उत्पन्न धान्याच्या रूपात पलीकडे नेण्यापेक्षा ते इथेच विकून रक्कम पुन्हा इथेच कर्जाऊ लावणे सोयीचे पडे. बाहेरचा पैसा एकदा आला की तो इथल्या जमिनीत मुरत जाई.

दुसरी अडचण कोर्टाची. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे ब्रिटिश हिंदुस्थानच्या दृष्टीने निजामाची न्यायालये ‘परकी’ होती. वाशीमच्या कोर्टाचा हुकूमनामा घेऊन कळमनुरीच्या शेतावर जप्ती आणणे सोपे नव्हते. दावा लावायचा तर मोगलाईत, तिथल्या वकिलामार्फत आणि उर्दूत. १८८० च्या दशकात फारसीची जागा उर्दूने घेतली होती. म्हणून दूरच्या सावकाराला नुसत्या कर्जरोख्यापेक्षा रजिस्टर झालेले खरेदीखत बरे वाटे. ज्याला केवळ व्याज हवे होते, तोही अशा रीतीने जमिनीचा मालक होऊन बसे. शेतावर मुनीम किंवा गुमास्ता नेमला जाई आणि धन्याचे तोंड गावाने कधी पाहिलेलेही नसे.

बाहेरून आलेले सगळे एका मापाने मोजता येत नाहीत. सेलू, मानवत, परभणीत स्थिरावलेली मारवाडी आणि गुजराती घराणी दोन पिढ्यांत इथलीच झाली. त्यांनी धर्मशाळा बांधल्या, शाळांना देणग्या दिल्या. अरब आणि रोहिले हे वेगळे प्रकरण. मुळात शिपाईगिरीसाठी निजामाच्या राज्यात आलेले हे लोक सावकारी करू लागले तेव्हा त्यांच्या वसुलीला कोर्टाची गरज लागत नसे, दाराशी धरणे पुरे होई. गावातला देशमुखही मागे नव्हता. पैसा बाहेरचा आणि माहिती देशमुखाची अशा भागीदारीतच शेते लवकर हस्तांतरित झाली. दोष केवळ परमुलखाच्या माथी मारणे खरे नाही.

निजाम सरकारला याची दखल घ्यायला १९२९-३० साल उजाडले. केशव अय्यंगार यांनी त्या वर्षी राज्याच्या निवडक जिल्ह्यांतल्या खेड्यांची आर्थिक पाहणी केली. तिच्यात परभणीचे दोन शेजारी, औरंगाबाद आणि नांदेड, होते. न कसणाऱ्यांच्या हाती जाणारी जमीन हा त्या पाहणीतला मोठा विषय ठरला. त्याच सुमारास जागतिक मंदीने कापसाचे भाव कोसळले आणि कर्जाचा भार आणखी जड झाला. अखेर १३४९ फसलीत, म्हणजे १९३९-४० मध्ये, शेतजमीन हस्तांतर प्रतिबंधक कायदा आला. पंजाबच्या १९०० च्या कायद्याप्रमाणे त्याने शेतकरी वर्गाची जमीन बिगरशेतकऱ्याच्या नावे जाण्याला आडकाठी घातली. कायदा चांगला, पण उशिराचा. शिवाय सधन शेतकरीच सावकार झाला तर त्याला हा कायदा आडवा येत नव्हता. १३५४ फसलीत, १९४४-४५ च्या सुमारास, असामी शिकमी कायद्याने कुळांना पहिल्यांदा काही संरक्षण दिले. शिकमीदार हा शब्द मराठवाड्याच्या जुन्या कागदांत वारंवार भेटतो.

१९४७-४८ च्या वर्षात हद्दीचा अर्थच बदलला. हिंदुस्थानचे चलन मोगलाईत कायदेशीर राहणार नाही असा वटहुकूम निजाम सरकारने काढला. रझाकारांच्या भयाने हजारो कुटुंबे पैनगंगेपलीकडे गेली. उमरखेडसारख्या गावी स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांच्या छावण्या होत्या. ज्यांची पलीकडे घरे, शेते किंवा सोयरे होते त्यांना आसरा मिळाला. इतकी वर्षे परमुलखातली जमीन म्हणजे कमाईचे साधन होते, त्या वर्षी ती जीव वाचवण्याची जागा झाली. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचे राज्य संपले. त्यानंतरच्या हिंसेत आणि स्थलांतरात मुसलमान कुटुंबांनीही घरे सोडली. जी पाकिस्तानात गेली त्यांची मालमत्ता निर्वासित मालमत्ता म्हणून कस्टोडियनच्या ताब्यात आली.

पुढची दोन वर्षे जमिनीच्या इतिहासात सर्वांत दाट आहेत. १५ ऑगस्ट १९४९ ला जहागिरी रद्द झाल्या. १० जून १९५० पासून हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन कायदा लागू झाला. संरक्षित कुळाला जमीन विकत घेण्याचा हक्क मिळाला आणि कलम ४७ ने शेतजमिनीच्या हस्तांतराला जिल्हाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी आवश्यक केली. हद्दीपलीकडून गुमास्त्यामार्फत शेती सांभाळणाऱ्या धन्याचे दिवस या कायद्याने संपवले. गमावलेली सगळी जमीन परत आली नाही. पुष्कळ कुळांना आपले नाव कागदावर असल्याचेही ठाऊक नव्हते, कित्येकांकडून धाकाने राजीनामे लिहून घेतले गेले. तरीही शंभर वर्षांत कसणाऱ्याच्या बाजूने उभा राहिलेला पहिला दमदार कायदा हाच. १९५३ पासून हाली शिक्काही टप्प्याटप्प्याने बंद झाला आणि पैनगंगेवर नाणे बदलण्याची गरज उरली नाही.

एक हद्द पुसली गेली आणि दुसरी उभी राहिली. परभणीचे वकील, अधिकारी आणि वतनदार राजधानी म्हणून हैदराबादेत घरे बांधत असत. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात गेला, हैदराबाद आंध्र प्रदेशाची राजधानी झाले आणि ती घरे एका दिवसात परराज्यात पडली. जिल्ह्याचा आकारही नंतर घटला. १९८१ मध्ये परतूरचा भाग जालन्याकडे गेला आणि १ मे १९९९ ला हिंगोली वेगळा जिल्हा झाला. पैनगंगेच्या सीमेचा तो सगळा पट्टा आज परभणीत नाही.

जायकवाडीचे उद्घाटन १९७६ मध्ये झाले. त्याच्या डाव्या कालव्याचे पाणी पाथरी, मानवत, परभणीकडे आले आणि जमिनीच्या किमतींचे गणित पुन्हा बदलले. त्यानंतरच्या पिढीतली मुले अभियंते आणि डॉक्टर होऊन पुणे-मुंबईला, तिथून परदेशी गेली. भारतात राहून परदेशात घर घेणे परकीय चलनावरच्या १९७३ च्या कायद्याखाली जवळपास अशक्य होते. २००० मध्ये त्याच्या जागी फेमा हा कायदा लागू झाला, २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेने परदेशी पैसे पाठवू देणारी उदारीकृत विप्रेषण योजना आणली. सुरुवातीची वार्षिक मर्यादा २५ हजार डॉलर होती. २०१३ मध्ये रुपया घसरला तेव्हा या रकमेतून परदेशी स्थावर घेण्यावर बंदी आली, ती २०१४ मध्ये उठली. २०१५ पासून ही मर्यादा वर्षाला अडीच लाख डॉलर आहे.

उलट दिशेचे दार मात्र बंद आहे. परदेशात स्थायिक झालेला परभणीकर परभणी शहरात सदनिका घेऊ शकतो. पण फेमाच्या नियमांनुसार अनिवासी भारतीयाला आपल्याच जिल्ह्यात शेतजमीन, मळा किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. वारसाहक्काने आलेली शेतजमीन तो ठेवू शकतो आणि विकायची झाल्यास ती भारतात राहणाऱ्या व्यक्तीलाच विकावी लागते. असा वारस हक्काचा शोध घेऊ लागला की १९५४-५५ च्या खासरा पत्रकापर्यंतचे कागद मराठीत सापडतात. त्यामागचे इनामाचे मुंतखब, मोजणीचे सेतवार आणि रजिस्टर दस्त उर्दूत, पाटील-पटवाऱ्यांचे त्याहून जुने हिशेब मोडीत असतात. हे दोन्ही वाचू शकणारी माणसे जिल्ह्यात आता मोजकीच उरली आहेत. ज्यांच्या घरी असे दस्त आहेत त्यांनी ते वाचणारे हयात आहेत तोवर वाचून, लिप्यंतर करून, नक्कल तहसीलच्या अभिलेखाशी पडताळून ठेवावी.