संस्थानी आश्रयाकडून कौटुंबिक आश्रयाकडे : सातारा-सांगली परिसरातील संगीतशिक्षण आणि पालकांची भूमिका

प्रस्तावना

हिंदुस्थानी संगीताचा इतिहास मुख्यतः घराणी, गुरू आणि आश्रयदाते संस्थानिक यांच्या अनुषंगाने लिहिला गेला आहे. गायकाच्या चरित्रात आईवडिलांचा उल्लेख प्रारंभी येतो. पुढे गुरूची भेट झाली की तो मागे पडतो. वस्तुतः अल्पवयीन मुलाला संगीतासाठी मोकळे करणे, त्याला योग्य गुरूपर्यंत किंवा विद्यालयापर्यंत नेणे, निवडीच्या कसोटीला उभे करणे आणि निकाल काहीही लागला तरी त्याला सांभाळणे हे कार्य प्रत्येक पिढीत कोणीतरी केलेलेच असते. प्रस्तुत लेखात सातारा आणि सांगली या जिल्ह्यांच्या परिसरातील निवडक उदाहरणांच्या आधारे या भूमिकेचा ऐतिहासिक आढावा घेण्याचा प्रयत्न केला आहे. संस्थाने विलीन झाल्यानंतर संगीतशिक्षणाच्या आश्रयाचा मोठा भार शासनापेक्षा कुटुंबावर येऊन पडला, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

या दोन जिल्ह्यांचा एकत्र विचार करण्यास ऐतिहासिक कारण आहे. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला आणि १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. त्यापूर्वी हा प्रदेश ब्रिटिश मुलूख आणि औंध, फलटण, जत, सांगली, मिरज, कुरुंदवाड यांसारखी संस्थाने यांत विभागलेला होता. संगीताच्या प्रसाराला ही लहान लहान संस्थाने अनुकूल ठरली. गुणी मुलाच्या वडिलांना राजदरबार फार दूर नव्हता.

गुरूच्या दारातील कसोटी

विष्णु दिगंबर पलुस्कर यांचा जन्म १८७२ मध्ये कुरुंदवाड येथे झाला. वडील दिगंबरबुवा हे कीर्तनकार. कीर्तनकाराच्या घरी स्वर, ताल आणि पाठांतर यांचे संस्कार शिकवणीवाचून होत असतात. नृसिंहवाडीच्या दत्तजयंतीच्या उत्सवात फटाक्यामुळे विष्णूच्या डोळ्यांना इजा झाली, दृष्टी अधू झाली आणि शालेय शिक्षणाचा मार्ग खुंटला. उपचाराच्या निमित्ताने मिरजेशी संबंध आला आणि तेथील संस्थानिकांच्या आश्रयाने बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे तालमीची व्यवस्था झाली. ही तालीम १८९६ पर्यंत चालली.

या घटनाक्रमात पालकाची भूमिका काय होती, हे पाहणे उद्बोधक ठरते. त्या काळातील कसोटीला ठरलेला दिवस नव्हता, अभ्यासक्रम नव्हता आणि गुणपत्रिकाही नव्हती. गुरू मुलाचा आवाज ऐकत, त्याची स्मरणशक्ती पाहत आणि सेवेची तयारी अजमावत. स्वीकार झाला की मुलगा गुरूच्या घरचा होई. अन्नवस्त्राचा भार संस्थान किंवा गुरू उचलत. पालकांचा त्याग असे तो मुलाच्या सहवासाचा. या अवस्थेतील पालकत्वाचे वर्णन ‘सोपविणे’ या एका शब्दात करता येईल.

नाट्यसंगीताच्या क्षेत्रातही प्रवेशाची रीत निराळी नव्हती. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, १९०५ मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले आणि मिरज येथे शकुंतलेच्या भूमिकेत रंगभूमीवर आले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे प्रोत्साहन या प्रवेशामागे होते. सतरा वर्षांच्या मुलाने नाटक मंडळीत जाणे ही त्या काळच्या मध्यमवर्गीय कुटुंबाच्या दृष्टीने साधी गोष्ट नव्हती. राजाश्रयामुळे केवळ खर्च भागत नव्हता, तर कुटुंबाच्या निर्णयास सामाजिक मान्यताही मिळत होती, हे येथे लक्षात घ्यावयास हवे.

विद्यालयांचा उदय

पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली. पुढे १९०८ मध्ये मुंबईत शाखा निघाली. संगीत शिकविण्याचे काम गुरुगृहातून संस्थेत आले. त्यास वर्ग, वेळापत्रक, क्रमिक पुस्तके आणि परीक्षा यांची जोड मिळाली. पालकांच्या दृष्टीने या बदलाचे महत्त्व मोठे होते. मुलाला एका व्यक्तीच्या मर्जीवर न सोडता, नियम असलेल्या संस्थेकडे पाठविता येऊ लागले. शिस्त, सदाचार आणि भजनप्रार्थना यांवर पलुस्करांनी दिलेला भर हा संगीताविषयी साशंक असलेल्या घरांना आश्वासक वाटणारा होता.

मिरजेत १८९८ मध्ये जन्मलेले विनायकराव पटवर्धन यांचे उदाहरण या संक्रमणाचे द्योतक आहे. आरंभीचे धडे त्यांना चुलते केशवराव यांच्याकडून घरीच मिळाले आणि १९०७ मध्ये, वयाच्या नवव्या वर्षी, ते लाहोरला पलुस्करांकडे गेले. मिरज संस्थानने त्यांना शिष्यवृत्ती दिली. कृष्णाकाठच्या घरातून नऊ वर्षांच्या मुलाला पंजाबात पाठविणे म्हणजे महिनोन्महिने केवळ पत्रांवर विसंबून राहणे होते. याच विनायकरावांनी १९३२ मध्ये पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केले. घर, संस्थान आणि विद्यालय या तिघांचा वाटा त्यांच्या जडणघडणीत स्पष्टपणे वेगळा करता येतो.

मिरजेचेच बी. आर. देवधर (जन्म १९०१) यांनी १९२५ मध्ये मुंबईत स्कूल ऑफ इंडियन म्युझिकची स्थापना केली. १९३० च्या दशकाच्या मध्यास बेळगाव भागातील सिद्धरामय्या कोमकळी यांनी आपला मुलगा देवधरांच्या स्वाधीन केला. हा मुलगा म्हणजे कुमार गंधर्व. बालपणीच त्याचे कार्यक्रम होऊ लागले होते आणि ऐकलेले गाणे हुबेहूब गाण्याबद्दल त्याची वाहवा होत होती. अशा वेळी मुलास शिक्षणासाठी एका गुरूकडे ठेवण्याच्या निर्णयाचे मोल मोठे आहे. मिळत असलेल्या टाळ्यांपेक्षा शिक्षण महत्त्वाचे मानणे, ही पालकांपुढील कसोटी आजही तशीच आहे.

घर हेच विद्यालय

पालकत्वाचे दुसरे रूप औंध संस्थानात आढळते. सातारा जिल्ह्यातील किन्हई येथे १८८१ मध्ये जन्मलेले अनंत मनोहर जोशी, अर्थात अंतुबुवा, हे बाळकृष्णबुवांचे शिष्य आणि औंधचे दरबारी गायक होते. त्यांचे पुत्र गजाननबुवा (१९११–१९८७) यांची पहिली तालीम वडिलांकडेच झाली. तथापि ही तालीम घराच्या उंबरठ्यावर थांबली नाही. गजाननबुवांनी पुढे रामकृष्णबुवा वझे, भुर्जीखाँ आणि विलायत हुसेन खाँ यांच्याकडूनही विद्या घेतली, आणि गायनाबरोबर व्हायोलिनवादनातही ते नामवंत झाले. पिता हाच गुरू असला म्हणजे त्याची विद्या हीच मुलाची सीमा होण्याचा धोका असतो. तो येथे टळला. औंध येथे १९४० मध्ये अंतुबुवांनी आपले आध्यात्मिक गुरू शिवानंद स्वामी यांच्या स्मरणार्थ सुरू केलेल्या संगीतोत्सवामुळे पुढील पिढ्यांना जाणकार श्रोत्यांसमोर गाण्याची संधी मिळाली.

तिसरे उदाहरण मातेचे आहे. अब्दुल करीम खाँ यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय चालविले. पुढे मिरज हे त्यांचे निवासस्थान झाले आणि १९३७ मध्ये निधनानंतर तेथील दर्ग्याच्या परिसरातच त्यांचे दफन झाले. त्यांच्या आणि ताराबाई माने यांच्या कन्या हिराबाई बडोदेकर (जन्म १९०५) आणि सरस्वतीबाई राणे (जन्म १९१३) या दोघींचा जन्म मिरजेचा. १९२२ च्या सुमारास ताराबाई मुलांसह विभक्त झाल्या. त्यानंतर संसार आणि मुलांची विद्या या दोहोंचा भार त्यांनी एकटीने वाहिला. सुरेशबाबू, हिराबाई आणि सरस्वतीबाई यांनी संगीतात जे स्थान मिळविले त्यामागे या मातेचे परिश्रम होते. स्त्रीने जाहीर मैफलीत गाणे प्रतिष्ठेचे मानले जात नव्हते, त्या काळात हिराबाई तिकीट लावून होणाऱ्या मैफलींत गायल्या. १९७० मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. संगीताच्या इतिहासात मातेचा वाटा ‘प्रोत्साहन’ या सौम्य शब्दात मावत नाही, हे ताराबाईंच्या चरित्रावरून दिसून येते.

विलीनीकरणानंतरचे चित्र

८ मार्च १९४८ रोजी दक्षिणेतील संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली. लोकशाहीच्या दृष्टीने ही स्वागतार्ह घटना होती. परंतु दरबारी नेमणुका आणि शिष्यवृत्त्या यांचा आधार तिच्याबरोबर संपुष्टात आला. त्याची जागा काही प्रमाणात सार्वजनिक संस्थांनी घेतली. आकाशवाणीने १९५० च्या दशकात कलावंतांच्या निवडीसाठी स्वरचाचणीची पद्धत रूढ केली. १९६३ मध्ये सांगली येथे आकाशवाणी केंद्र सुरू झाल्यावर या भागातील तरुण गायक-वादकांना अशी चाचणी घराजवळ देता येऊ लागली. १९८२ मध्ये केंद्र सरकारने १० ते १४ वयोगटातील मुलांसाठी सांस्कृतिक प्रतिभाशोध शिष्यवृत्ती योजना आणली.

या काळातील सर्वांत व्यापक व्यवस्था अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची होय. पलुस्करांच्या निधनानंतर, १९३१ मध्ये, त्यांच्या शिष्यांनी स्थापन केलेल्या या मंडळाचा मिरजेशी निकटचा संबंध राहिला. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम व पूर्ण, मध्यमा प्रथम व पूर्ण, विशारद प्रथम व पूर्ण अशा सात परीक्षांची ही पायरीवजा रचना आहे. ती गावोगावच्या वर्गांपर्यंत पोहोचली आणि संस्थानिकांच्या मर्जीची जागा सर्वांना खुल्या असलेल्या परीक्षेने घेतली. संगीतशिक्षणाचे हे लोकशाहीकरणच होय.

मात्र परीक्षा खुली झाली म्हणून तयारी विनामूल्य झाली असे नाही. शिकवणीचे शुल्क, परीक्षा केंद्रापर्यंतचा एस.टी.चा प्रवास, तबल्याच्या साथीची सोय आणि वाद्याची खरेदी हा सर्व खर्च कुटुंबाकडे आला. मिरजेत एकोणिसाव्या शतकापासून तंतुवाद्यनिर्मितीची परंपरा आहे आणि तेथील सतार व तानपुरा यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. तरीही हाताने घडविलेला तानपुरा विकत घेणे ही मिरजेतील सामान्य कुटुंबालाही सोपी बाब नाही. अनेक घरांत इलेक्ट्रॉनिक तानपुरा किंवा भ्रमणध्वनीवरील ॲप यांवर सराव होतो. पूर्वी संस्थानाच्या खजिन्यातून होणारा खर्च आता महिन्याच्या पगारातून किंवा उसाच्या बिलातून होतो, एवढा हा फरक आहे.

आजची प्रवेशचाचणी आणि पालक

बारावीनंतर संगीताची पदवी घेऊ इच्छिणाऱ्या या भागातील विद्यार्थ्यांसमोर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील संगीत व नाट्यशास्त्र विभाग, पुणे विद्यापीठाचे १९८७ मध्ये स्थापन झालेले ललित कला केंद्र, मुंबई आणि बनारस येथील विद्यापीठे असे पर्याय असतात. संगीताच्या प्रवेशचाचणीत सामान्यतः तयार केलेला एक राग, परीक्षकांनी ऐनवेळी विचारलेली स्वरांची आणि तालांची ओळख आणि मुलाखत यांचा समावेश असतो. काही वर्षांची साधना थोड्या मिनिटांत मांडावयाची असते.

या चाचणीची तयारी नेमकी दहावी-बारावीच्या वर्षांत करावी लागते. मुलांच्या बाबतीत स्वरपरिवर्तनाचा काळही याच्या थोडा आधी किंवा याच सुमारास येतो. साधारणतः बारा ते सोळा या वयात स्वरयंत्राची वाढ होऊन आवाज जवळजवळ एका सप्तकाने खाली उतरतो. काळी चार किंवा पाचमध्ये सहज गाणारा मुलगा काही महिने कोणत्याच पट्टीत स्थिर होत नाही. या काळात जोर लावून गावयास सांगणे आवाजास अपायकारक ठरते. मंद्रातील हलका सराव, तालाभ्यास आणि श्रवण हाच मार्ग असतो. ‘याचे गाणे संपले’ असा निष्कर्ष घरात काढला गेला तर खरोखरच ते संपण्याची शक्यता असते. पालकांचा धीर हा येथे शिक्षणाचाच भाग ठरतो.

मुलींच्या बाबतीत अडचण प्रामुख्याने सामाजिक स्वरूपाची असते. संध्याकाळची शिकवणी, परगावचे वसतिगृह आणि लग्नाविषयीच्या अपेक्षा यांमुळे चाचणीत निवड होऊनही प्रवेश न घेण्याचा प्रसंग येऊ शकतो. सोबतीला कोण जाणार, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटला तरी निर्णय अनेकदा त्यावरच अवलंबून असतो.

निष्कर्ष

वरील आढाव्यावरून काही निष्कर्ष निघतात. पहिला असा की, निवडीचे स्वरूप गुरूच्या पारखीपासून विद्यापीठाच्या चाचणीपर्यंत बदलत गेले आणि त्याबरोबर पालकत्वही ‘सोपविणे’ या अवस्थेतून ‘सोबत करणे’ या अवस्थेत आले. दुसरा असा की, संस्थानी आश्रयाचा आर्थिक वारसा मोठ्या प्रमाणात कुटुंबाकडे आला. परंतु आश्रयदाता म्हणून कुटुंबाची नोंद इतिहासाने घेतली नाही. तिसरा निष्कर्ष अधिक चिंतनीय आहे. मिरजेच्या संस्थानिकांनी एका कीर्तनकाराच्या दृष्टी अधू झालेल्या मुलाला आश्रय दिला, तेव्हा त्याच्या घराच्या आर्थिक कुवतीची अट घातली नव्हती. आजच्या व्यवस्थेत आश्रय घरातूनच येतो; म्हणून ज्याच्या घरी तो नाही, त्याची गुणवत्ता चाचणीच्या दारापर्यंत पोहोचतच नाही.

ही उणीव भरून काढण्याचे उत्तरदायित्व काही अंशी महाविद्यालयांवर येते. सरावासाठी एक शांत खोली, जुळविलेला तानपुरा, चाचणीच्या दिवशी तबल्याची साथ आणि प्रवेशाच्या निकषांची माहिती किमान एक वर्ष आधी, एवढ्या गोष्टी मोठ्या निधीवाचूनही करता येण्यासारख्या आहेत. कनिष्ठ महाविद्यालयातील शिक्षकांनी संगीताकडे वळू पाहणाऱ्या विद्यार्थ्याच्या पालकांशी एकदा सविस्तर बोलणे हेही त्यातच येते. सातारा-सांगलीच्या मातीने देशाला संगीतशिक्षणाची संस्थात्मक पद्धत देणारी माणसे दिली. त्या माणसांना घडविण्यात घराचा आणि दरबाराचा जो संयुक्त वाटा होता, त्यातील दरबाराची रिकामी राहिलेली जागा शिक्षणसंस्थांनी घ्यावी, हीच या इतिहासाची अपेक्षा आहे.