वेंगुर्ल्याचे बंदर आणि घाटाची वाट

वेंगुर्ले शहरात दोन नावे रोजच्या बोलण्यात इतकी मुरली आहेत की त्यांच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही. एक कॅम्प, दुसरे रामघाट रोड. कॅम्प म्हणजे छावणी. रामघाट मात्र शहरापासून बराच दूर. दोडामार्ग तालुक्याच्या डोंगरातून वर चंदगडच्या बाजूला चढणारा तो जुना घाट. समुद्रकाठच्या गावातल्या रस्त्याला डोंगरातल्या घाटाचे नाव का पडावे? या प्रश्नाच्या उत्तरात या बंदराचा उदय आहे आणि ऱ्हासही.

वेंगुर्ल्याचा इतिहास सांगताना आपण बहुधा समुद्राकडे तोंड करून बसतो. डचांची वखार, गलबते, आगबोटी हेच बोलण्यात येते. बंदर मागे का पडले, याचे कारणही मग समुद्रातच शोधले जाते. बंदर उघडे, पावसाळ्यात आसरा नाही, मोठी जहाजे काठाला लागत नाहीत. हे सगळे खरे आहे. पण सतराव्या शतकातही ते तितकेच खरे होते. तरीही बंदर चालले. म्हणून या बंदराचा हिशेब मांडायचा तर पाठ समुद्राकडे करून सह्याद्रीकडे पाहावे लागते.

डच ईस्ट इंडिया कंपनीचा योहान व्हान ट्विस्ट १६३७ साली आदिलशाहाच्या दरबारी विजापूरला गेला आणि वेंगुर्ल्यात वखार घालण्याची परवानगी मिळवून आला. त्याच सुमारास डचांनी पोर्तुगीजांच्या गोव्याची नाकेबंदी आरंभली होती. गोव्याच्या तोंडाशी असलेले हे ठिकाण त्यासाठी सोयीचे होते, हे तर उघडच आहे. पण परवानगी विजापूरहून आणावी लागली, यातच दुसरी गोष्ट आली. बंदराचा धनी घाटावर होता. मालाचे गिऱ्हाईकही घाटावर होते. १६४८ मध्ये फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए येथे उतरला. त्याच्या प्रवासवर्णनात गावाचे नाव ‘मिंग्रेला’ असे आहे. वखारीची पडकी इमारत आजही गावात उभी आहे. पण ज्या वाटांनी तिच्यात माल येत होता, त्या वाटांकडे पाहायला फारसे कुणी जात नाही.

या वाटांवर माणूस आणि बैल, दोघेही ओझे वाहत. पाठीवर गोणी टाकलेल्या बैलांचे तांडे घाट चढत, आणि जिथे बैलाचा पाय ठरत नसे तिथे ओझे माणसाच्या डोक्यावर येई. वर जाई ते मीठ, नारळ, सुपारी, सुकी मासळी. खाली येई ते गूळ, मिरची, तंबाखू, कापूस. यात मिठाचे मोल वेगळे. वेंगुर्ले तालुक्यातल्या शिरोड्याची मिठागरे १९३० च्या सत्याग्रहाने देशाला ठाऊक झाली. पण कोकणचे मीठ त्याआधी कितीतरी पिढ्या घाटावरच्या भाकरीत पोहोचत होते.

हल्ली आपल्याकडची मंडळी नेपाळात जाऊन ५,४१६ मीटर उंचीची थोरोंग ला ओलांडून येतात. त्या मुलखातल्या वाटाही मुळात मिठाच्याच. तिथे तिबेटच्या पठारावरचे मीठ याक-मेंढ्यांच्या पाठीवरून खाली उतरे आणि बदल्यात धान्य वर जाई. आपल्याकडे मीठ समुद्रातून वर चढे, एवढाच फरक. आंबोली समुद्रसपाटीपासून जेमतेम ६९० मीटरवर. उंचीत तुलना नाही. पण डोक्यावर ओझे घेऊन रोज घाट चढणाऱ्याला मीटरचा हिशेब नव्हता. त्याला पावसाचा हिशेब होता. आंबोली परिसरात वर्षाकाठी सुमारे ७,००० मिलिमीटर पाऊस पडतो. जूनमध्ये समुद्र बंद होई, त्याच महिन्यात घाट निसरडा होई. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र निवळू लागे आणि पाऊस सरला की घाटाची वाट वाहती होई. बंदराची दोन दारे होती आणि ती जवळजवळ एकाच वेळी उघडत.

१८१२ साली सावंतवाडीकरांकडून वेंगुर्ले इंग्रजांकडे आले. १८१८ मध्ये बेळगाव त्यांच्या हाती पडले आणि तिथे मोठी छावणी झाली. मुंबईहून निघालेले सैन्य आणि सामान आता गलबताने वेंगुर्ल्यास उतरू लागले. तिथून बेळगाव सुमारे सव्वाशे किलोमीटर, मध्ये सह्याद्री. इंग्रजांनी आधी रामघाट हाताशी धरला. शहरातल्या रस्त्याचे नाव त्या काळाची खूण आहे. पण रामघाटाची चढण उभी. तोफा आणि गाड्या ओढताना जनावरे जेरीस येत.

शिवाय घाट कुणा एकाचा चाकर नसतो. १८४४ साली कोल्हापूरच्या गडकऱ्यांनी सामानगडावर बंड पुकारले आणि त्याचे लोण सावंतवाडीत उतरले. मनोहर आणि मनसंतोष या जोडगडांवर बंडवाल्यांनी ठाण मांडले. जेम्स आउट्रमसारख्या अधिकाऱ्याला त्यांच्यामागे रान तुडवावे लागले. १८४५ च्या सुरुवातीला गड पडले तेव्हा बंडवाले गोव्याच्या हद्दीत निसटले. ज्या रानवाटा नकाशावर नव्हत्या, त्या त्यांना पाठ होत्या.

पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आंबोलीचा, म्हणजे पारपोलीचा घाट गाडीरस्त्यासाठी बांधला गेला. वळणे घेत, चढण विभागून नेणारा हा रस्ता बैलगाडीला सोसणारा होता. बेळगावच्या बाजूचा माल गाड्या भरून वेंगुर्ल्यास येऊ लागला. १८७६ मध्ये येथे नगरपालिका झाली. गाव भरात होते.

आणि मग घाट बदलला. १८७८ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात करार झाला आणि मुरगाव बंदरापासून घाट चढून जाणाऱ्या रेल्वेचा मार्ग मोकळा झाला. १८८८ मध्ये मुरगाव ते कॅसलरॉक हा लोहमार्ग सुरू झाला आणि वरच्या बाजूने बेळगाव-धारवाडशी जोडला गेला. दूधसागरच्या धबधब्यापाशी आगगाडी डोंगर चढू लागली, तशी आंबोलीच्या घाटातली बैलगाडी मागे पडली. वेंगुर्ल्याचा समुद्र १८८७ मध्ये होता तसाच १८८९ मध्ये होता. बदलली होती ती डोंगराची वाट. गाड्या कमी झाल्या, वखारी ओस पडल्या, हमालांचे काम आटले. मुंबईच्या आगबोटी पुढेही कित्येक वर्षे येथे थांबत राहिल्या. पण त्यांत आता मालापेक्षा माणसेच जास्त चढत होती, आणि त्यांतली बरीचशी मुंबईत पोट भरायला निघालेली.

१९९८ मध्ये कोकण रेल्वे आली, तीही घाटाला समांतर धावली. आमच्या बाजूचा घाट चढली नाही. आंबोलीचा घाट आज पावसाळ्यात धबधब्यांच्या गर्दीचा आहे. रामघाट आणि त्याच्या भावंडांसारख्या वाटा आता ट्रेकिंग करणाऱ्यांच्या पायाखाली येतात. हे चांगलेच आहे. वाट चालली तर टिकते. मात्र या चालणाऱ्यांना एक विनंती. जुन्या घाटात दगडी पायऱ्या, पाण्याचे टाके, ओझे टेकायचा चौथरा, जकातीच्या चौकीची जोती दिसली तर फोटोबरोबर जागाही टिपून ठेवा. पायथ्याच्या गावात म्हातारे माणूस भेटले तर त्या जागेला ते काय म्हणतात, तेही विचारा. कागदपत्रांत परवाना देणाऱ्या सुलतानाचे आणि गड घेणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव आहे. मिठाची गोणी घेऊन चढलेल्यांची नावे कुठेच नाहीत. त्यांच्या पायांनी झिजवलेला दगड हाच त्यांचा दस्तऐवज, आणि तो दर पावसाळ्यात थोडा थोडा वाहून जातो आहे.