बॉयलरचे अभ्यंगस्नान

गिरणगावात दसऱ्याचा मान यंत्रांचा असे. खंडेनवमीला साच्यांना झेंडूच्या माळा पडत, हळदकुंकू वाहिले जाई, पेढे वाटले जात. दिवाळीत मात्र सगळी गिरणी घरी जाई, भोंगा मुका होई आणि मागे उरत असू आम्ही यंत्रदुरुस्ती खात्याची माणसे. सलग चार दिवस वाफ बंद ठेवायला मिळे ती याच सणात; आणि बॉयलर आतून धुवायचा तर तो निवायलाच दोन दिवस जात. घरोघरी उटण्याचा वास सुटलेला असताना आमचे फायरमन हातदिवा आणि हातोडी घेऊन बॉयलरच्या पोटात उतरत. १९७१ ते १९८२ या काळात मी एका गिरणीत या खात्याचा कारभार पाहिला. त्या अकरा दिवाळ्यांत पहिल्या फराळाला मी वेळेवर घरी पोचल्याचे आमच्या मंडळींना आठवत नाही, आणि त्यांची स्मरणशक्ती उत्तम आहे.

लँकेशायर बॉयलर म्हणजे आडवा निजवलेला प्रचंड पोलादी पिंप. लांबी सुमारे तीस फूट. आत या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन रुंद नळ्या. नळ्यांच्या तोंडाशी जाळ, भोवती पाणी. १८४४ साली विल्यम फेअरबर्न आणि जॉन हेदरिंग्टन यांनी मँचेस्टरमध्ये याचे पेटंट घेतले. दोन जाळ अशासाठी, की कोळसा आळीपाळीने टाकावा आणि एकाचा धूर दुसऱ्याच्या आचेत जळून जावा. मुंबईत १८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी पहिली कापड गिरणी काढली, १८५६ साली ती ताडदेवला चालू झाली. तेव्हापासून वाफ हाच या शहराचा श्वास होता. १९१५ साली खोपोलीची वीज आली आणि हळूहळू साच्यांची इंजिने गेली, तरी बॉयलर राहिलाच. तानीची खळ शिजवायला वाफ हवी, कापड रंगवायला हवी. सूत तुटू नये म्हणून खात्यांच्या हवेत ओलावा राखणे हेही आमच्याच गळ्यात. ('एअर कंडिशनिंग' हा शब्ददेखील गिरण्यांच्याच पोटी जन्मला, १९०६ साली स्टुअर्ट क्रेमर या अमेरिकन गिरणी-इंजिनियरने तो रूढ केला. आज तो हॉटेलांच्या दारांवर मिरवतो.)

या बॉयलरला खरे भय दोन गोष्टींचे. एक, पाण्यातले क्षार पत्र्यावर धरतात. घरातल्या बंबात धरते तीच खपली. तिच्याआड उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही, पत्रा तापून मऊ पडतो आणि फुगतो. दुसरे, पाणी कमी होऊन नळीचा माथा उघडा पडणे. त्यासाठी नळीच्या माथ्यावर एक लहानशी खीळ असते; तिच्या पोटात शिशासारखा लवकर वितळणारा धातू. पाणी उतरले की तो वितळतो आणि वाफ जाळावर येऊन फायरमनला सावध करते. आम्ही तिला 'लेड प्लग' म्हणत असू. भगिनींनी आपल्या प्रेशर कुकरचे झाकण उलटून पाहावे. शिटीपासून थोड्या अंतरावर जी छोटी चकती आहे, ती याच खिळीची नात.

खिळीची जन्मकथा मात्र रक्ताने माखलेली आहे. १८०३ च्या सप्टेंबरात लंडनजवळ ग्रीनिच येथे रिचर्ड ट्रेव्हिथिकचे नवे, मोठ्या दाबाचे इंजिन चालू होते. ते राखायला ठेवलेला पोरगा वाम मासे धरायला निघून गेला आणि इंजिन दुसऱ्याच एका कामगाराच्या भरवशावर राहिले. त्याने इंजिन थांबवले, पण वाफेला वाट करून द्यायचे त्याला ठाऊक नव्हते. बॉयलर फुटला, चार माणसे गेली. ट्रेव्हिथिकने त्यानंतर दुसरी झडप बसवली, तीही कुलपात, आणि ही शिशाची खीळ योजली. पोराला शिव्या देऊन तो थांबला नाही, हे मला फार मोठे वाटते. पोरगा पुन्हा मासे धरायला जाणारच, हे धरून त्याने यंत्र सुधारले.

पुढे कित्येक वर्षे विलायतेत बॉयलर फुटतच राहिले. १८५४ साली फेअरबर्न, व्हिटवर्थ वगैरे मंडळींनी मँचेस्टरला संस्था काढून सभासदांचे बॉयलर तपासायला सुरुवात केली. पण ती राजीखुशीची. सरकारी कायदा १८८२ चा, आणि तोही स्फोट झाल्यावर चौकशी करणारा. ठरावीक मुदतीत तपासणीची सक्ती तिथल्या कारखान्यांना १९०१ साली झाली. आमच्याकडे १८६३ साली कलकत्त्यात भयंकर स्फोट होऊन माणसे मेली आणि १८६४ सालीच बंगालने शहरातल्या बॉयलरांच्या तपासणीचा कायदा केला. विलायतेच्या आधी सदतीस वर्षे! साहेबाने घरी जे केले नाही ते इथे केले, असे क्वचितच घडले असेल. नंतर प्रांतोप्रांतीचे निरनिराळे नियम मोडून १९२३ चा अखिल भारतीय कायदा आला, त्यावर आम्ही वाढलो; २०२५ साली संसदेने त्याच्या जागी नवा केला.

मला स्वतःला उपयोगी पडली ती मात्र अमेरिकेतली गोष्ट. २० मार्च १९०५. मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रॉक्टन गावी ग्रोव्हर बुटांचा कारखाना. नवा बॉयलर दुरुस्तीसाठी बंद, म्हणून त्या दिवशी जुना, राखीव बॉयलर पेटवला होता. सकाळी आठच्या सुमारास तो फुटून छत फोडून बाहेर गेला, इमारत कोसळली, आग लागली. ५८ माणसे मेली. म्हणजे ज्या दिवशी देखभाल चालू होती, नेमका तोच दिवस घातकी ठरला. त्या राज्याने १९०७ साली बॉयलरचे नियम केले, आणि पुढे अमेरिकन यांत्रिकी इंजिनियरांच्या संस्थेची प्रसिद्ध संहिता आली.

आमच्याही गिरणीत एक राखीव बॉयलर होता, चांगला म्हातारा. एका वर्षी मोठी मागणी आली आणि वरिष्ठांनी फर्मावले, दिवाळीत गिरणी बंद नको, मोठा धुवायला काढा, तोवर जुन्यावर चालवा. मी म्हटले, आधी पाण्याच्या दाबाची परीक्षा, मगच जाळ. "दोन दिवसांचे नुकसान कोण भरून देणार?" असा प्रश्न आला. मी उत्तर दिले नाही, पंप लावला. दाब चढू लागला तसा खालच्या शिवणीतून रिव्हेटच्या ओळीने घाम फुटावा तसे पाणी झिरपू लागले. आमचे जुने फायरमन, सगळे त्यांना तात्या म्हणत, बोटाने ते पाणी पुसून माझ्याकडे पाहत राहिले. त्या जाळापुढे रात्रपाळीला तेच उभे राहणार होते.

गिरणी दिवाळीत बंद राहिली. वरिष्ठ महिनाभर माझ्याशी कामापुरतेच बोलले. जुन्या बॉयलरची तोटी आम्ही पत्रा ठोकून कायमची बंद केली आणि तशी नोंद वहीत केली. कुठली झडप कधी घासली, कुठली खीळ कधी बदलली, पाणकाच कोणत्या पाळीला कोणी तपासली, सगळे त्या वहीत असे. तात्यांना लिहिता येत नव्हते. त्यांच्या पाळीच्या नोंदी त्यांचा धाकटा मुलगा डबा घेऊन आला की करून जाई, खाली तात्यांचा अंगठा. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. शेवटच्या पानावर आदल्या आठवड्याची नोंद आहे : पाणकाच ठीक, झडप उडवून पाहिली, अंगठा.