अंगणात आलेली शाळा

दिवाळीच्या सुट्टीत अंगणात मुले किल्ला रचीत असताना कधी जरा वेळ उभे राहून पाहावे. विटांचा आधार, त्यावर गोणपाट, वर चिखलाचा लेप; बुरूज कोठे आणि दरवाजा कोठे यावरून तासभर वाद; मग उतारावर अळीव पेरायचे आणि हिरवे कोंब दिसेपर्यंत रोज सकाळी पाणी शिंपडायचे. भूमिती, इतिहास, शेती, सारे त्यात येऊन जाते. हीच मुले सुट्टी संपल्यावर वर्गात जांभया देत बसतात. मी शाळामास्तर आहे, त्यामुळे हे कोडे मला दर दिवाळीस छळते.

हेच कोडे शंभर वर्षांपूर्वी गुजरातेतील एका वकिलाला पडले होते. गिजुभाई बधेका हे त्यांचे नाव. मारून-घोकून शिकविणाऱ्या शाळेत आपल्या मुलाला घालणे त्यांच्या जिवावर आले. वकिली सोडून ते १९१६ साली भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गेले आणि १९२० साली त्यांनी तेथे बालमंदिर काढले. छडीच्या जागी गोष्ट आली, गाणे आले, बाग आली. १९१४ साली पदवीधर झालेल्या ताराबाई मोडक राजकोटची मानाची नोकरी सोडून या कामात येऊन मिळाल्या, आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला.

परंतु बालमंदिरात येत ती बहुतेक खात्यापित्या घरची मुले. गरिबाच्या मुलाचे काय, हा प्रश्न ताराबाईंना स्वस्थ बसू देईना. १९४५ साली त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील समुद्रकाठच्या बोर्डी गावी आल्या. बालपणीच वैधव्य आलेल्या अनुताई वाघ तेथे त्यांच्या सोबतीला आल्या. बालवाडी उघडली, पण गावकडेच्या वस्तीतील मुले येईनात. कोणाच्या काखेला धाकटे भावंड, कोणाच्या अंगावर धड कपडा नाही. तेव्हा या बायांनी मुलांना दोष दिला नाही; बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. शंखशिंपले, बिया, खडे, पाने हीच शिकण्याची साधने झाली. ही अंगणवाडी!

१९५७ साली काम डहाणूजवळ कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारल्यांची पोरे दिवसभर गुरांमागे. गुरे सोडून ती शाळेत कशी यावीत? मग शिक्षकच कुरणात गेले, आणि त्या शाळेला नावही पडले कुरणशाळा.

आज शहरांतून काही सुशिक्षित आईबाप मुलांना शाळेतून काढून घरीच मोकळेपणाने वाढवितात. त्यांची शाळेविषयीची तक्रार खोटी नाही. पण घरी पुस्तके असली, शिकलेली आई असली, तर शाळेवाचून निभते. वारल्याच्या पोराला शाळा नव्हतीच; म्हणून काही तो मुक्त नव्हता. ताराबाई बोर्डीस आल्या त्याच १९४५ साली, त्याच मुलखात, वेठबिगारीविरुद्ध वारली उठले होते. लग्नापुरते कर्ज काढून जन्मभर सावकाराकडे राबणाऱ्याला तेथे लग्नगडी म्हणत. कागदावर काय लिहिले आहे हे न कळता अंगठा उठविणाऱ्याला अक्षराची किंमत कोणी सांगावी? म्हणून या दोघींनी शाळा मोडली नाही, तिच्या भिंती तेवढ्या मोडल्या.

पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. १ एप्रिल २०१० पासून सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा कायदेशीर हक्कही मिळाला. शब्द गेला, कायदा आला. मुलाकडे चालत जाणारे ते पाऊल मात्र सरकारी हुकुमाने उचलले जात नाही.

हे लिहिताना मला माझाच हजेरीपट आठवतो. एका मुलाच्या नावापुढे ओळीने ‘गैरहजर’ असे मीच लिहिले आहे. तो बकऱ्या राखतो, हे मला ठाऊक आहे. त्याचे माळरान शाळेपासून पुरते दोन मैलही नाही, आणि इतक्या दिवसांत मी तिकडे एकदाही फिरकलो नाही. भाऊबीज झाली, की शाळा उघडण्यापूर्वी एक गोष्टीचे पुस्तक आणि घरचा फराळ बरोबर घेऊन तिकडे जाऊन यायचे, असे मनाशी ठरविले आहे.