नाण्यांवरील काळिमा

आपल्याकडील बहुतेक जुन्या घरांतून देव्हाऱ्यांत अगर फडताळांतील डब्यांत चार जुनीं नाणीं असतातच. राणीच्या छापाचा रुपया, एखादी शिवराई, क्वचित् फारशी अक्षरांचा पेशवाईंतला रुपया. लक्ष्मीपूजनापूर्वीं हीं नाणीं चिंच व रांगोळी लावून लखलखीत घासण्याचा परिपाठ अनेक घरीं आहे. त्यामागील श्रद्धेविषयीं आम्हांस आदरच वाटतो. परंतु त्या पाण्याबरोबर मोरींतून जें वाहून जातें, तो केवळ मळ असतो, कीं त्यांत इतिहासाचाहि कांहीं अंश असतो, या प्रश्नाचा सुशिक्षित कुटुंबांनीं एकदां विचार करावा. त्यासाठीं नाण्यावर काळानें चढविलेला रंग कोणता व नाण्याची झालेली खराबी कोणती, हें प्रथम ओळखतां आलें पाहिजे.

चांदी काळी पडते ती मळामुळें पडते, हा समज बरोबर नाहीं. हवेंत अत्यल्प प्रमाणांत गंधकयुक्त वायु असतो. लोकर, रबर, हलका कागद यांतूनहि गंधक बाहेर पडतो. त्याचा चांदीशीं संयोग होऊन नाण्यावर अतिशय पातळ पापुद्रा धरतो. साबणाच्या फुग्यावर किंवा पाण्यावर पसरलेल्या तेलावर जसे रंग खेळतात, तसेच या पापुद्र्यावरहि उमटतात. आरंभीं पिवळसर, मग तांबूस व जांभळट, त्यानंतर निळा असा त्यांचा क्रम असतो; आणि पापुद्रा जाड होत गेला म्हणजे शेवटीं सर्वत्र काळेपणा येतो. धातूच्या मिश्रणावरहि रंग अवलंबून असतो. १८३५ सालीं कंपनी सरकारनें जो एकछापी रुपया सुरू केला, त्याचें वजन १८० ग्रेन असून त्याच्या बारा भागांत अकरा भाग चांदी होती. १९४० सालीं हें प्रमाण निम्म्यावर आलें. त्यामुळें एकाच डब्यांत ठेवलेल्या आजोबांच्या व नातवाच्या रुपयांचा रंग सारखा असत नाहीं.

हा रंग स्वाभाविक आहे कीं कोणीं मुद्दाम चढविलेला आहे, हें ओळखण्याच्या कांहीं खुणा आहेत. स्वाभाविक रंग एका छटेंतून दुसऱ्या छटेंत हळूहळू जातो. बहुधा कडेपासून आंत सरकतो, आणि अक्षरांच्या आडोशाला त्याची छटा पालटते. गंधकाचे क्षार लावून किंवा उष्णता देऊन घाईनें आणलेला रंग ठिपक्याठिपक्यांनीं बसतो, एकाएकीं तुटतो व उंचसखलपणाची पर्वा न करतां सगळ्यावरून सारखाच पसरतो. फारसें न वापरलेलें नाणें दिव्याखालीं कलतें केलें, तर पातळ रंगाखालूनहि टांकसाळींतल्या ठशाचा मूळ ओप चक्राकार फिरतांना दिसतो. घासलेल्या नाण्यावर तो ओप मरतो व बारीक समांतर ओरखडे मात्र दिसूं लागतात. रंग पुन्हां चढेल. ओप पुन्हां येणार नाहीं.

तांब्याची गोष्ट थोडी निराळी आहे. कळकलेलें ताक टाकून देणाऱ्या आपल्या गृहिणींस तांब्यापितळेवरील हिरवेपणाचा संशय येतो तो स्वयंपाकघरांत योग्यच आहे. नाण्यावर मात्र हिरव्याचे दोन प्रकार मानले पाहिजेत. घट्ट, गुळगुळीत, धातूशीं एकजीव झालेला हिरवा किंवा तपकिरी थर नाण्याचें संरक्षणच करतो. फिकट हिरवी, भुकटीसारखी सुटणारी बुरशी दिसली तर तो रोग समजावा. मातींतील क्षार धातूंत शिरलेले असतात. दमट हवा मिळाली कीं ते तांबें पोखरीत जातात. असें नाणें इतरांपासून वेगळें करून अगदीं कोरड्या जागीं ठेवावें व जाणत्यास दाखवावें.

या सर्व परीक्षेचें मर्म एकाच प्रश्नांत आहे: कशावर काय आहे? ओरखड्याच्या आंत भोंवतालच्यासारखाच रंग मुरला असेल, तर ओरखडा जुना. रंग कापून तो आंतून चकाकत असेल, तर कालपरवांचा. उत्खननांत थरांवरून काळ ठरवितात, तीच ही रीत होय.

या रीतीचें मोठें उदाहरण महाराष्ट्रांतच आहे. १९०६ सालीं नाशिकजवळ जोगलटेंभी येथें क्षहरात क्षत्रप नहपान याच्या चांदीच्या नाण्यांचा सांठा सांपडला. नाणीं तेरा हजारांवर होतीं, व त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला ठसा पुन्हां मारलेला होता. नहपानाच्या मुखावर तीन कमानींचा डोंगर उमटला आहे, आणि त्याखालून जुन्या चेहऱ्याच्या व ग्रीक अक्षरांच्या रेषा डोकावत आहेत. निव्वळ सौंदर्याच्या दृष्टीनें पाहिलें तर हीं नाणीं बिघडलेलीं आहेत. पण नाशिकच्या लेण्यांतील लेखांत गौतमी बलश्रीनें आपल्या पुत्रानें क्षहरात वंश निःशेष केल्याचें म्हटलें आहे, त्या विधानास या घावांहून बळकट साक्षीदार मिळणें कठीण. वरचा ठसा कोणाचा व खालचा कोणाचा, एवढें दिसलें म्हणजे विजेता कोण हें निराळें सांगावें लागत नाहीं. जुन्या रुपयांवरील सराफांच्या खुणाहि अशाच. चांदीची पारख करण्यासाठीं मारलेले ते टोंचे नाणें बाजारांतून हिंडल्याची ग्वाही देतात.

म्हणून प्रत्येक डाग पवित्र मानावा असें आम्ही म्हणत नाहीं. जाड काळा थर अखेर चांदी खातोच, व रोगट हिरव्याला आश्रय देणें हा इतिहासप्रेमाचा मार्ग नव्हे. परंतु काळाच्या व पूर्वजांच्या हातच्या खुणा एक प्रकारच्या, आणि आपल्या हौसेनें झालेली झीज दुसऱ्या प्रकारची. शिवराईचेंच पाहा. ‘श्री राजा शिव’ व ‘छत्रपति’ हीं अक्षरें असलेलें हें तांब्याचें नाणें शिवकालापासून पेशवाईअखेरपर्यंत नाना ठशांनीं पडत राहिलें. कोणती शिवराई कोणत्या काळची, हें अक्षरांच्या वळणावरून, एखाद्या बिंदूवरून किंवा बारीकशा चिन्हावरून ठरवावें लागतें. आणि वर्षानुवर्षें रांगोळीनें घासतां घासतां प्रथम पुसट होतात तीं हींच. मग हातांत राहतो तो तांब्याचा चकचकीत, मुका तुकडा.

पूजेसाठीं नाणें कोरड्या मऊ वस्त्रावर ठेवावें, कडेनें धरावें, हळदकुंकवाचें बोट त्यास न लावतां शेजारच्या सुपारीस लावावें. देवतेस तेवढी पूजा पुरेल, आणि नाण्याजवळ सांगण्यासारखें जें आहे तें पुढच्या पिढीसाठीं शाबूत राहील.